गुंजभर दारूचा हिशेब : पनवेल, परवाना आणि अचूकतेचा विसरलेला इतिहास

१/
पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात डावीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच वाटेवर शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. आणि खुद्द पनवेलमध्ये कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीच्या आवारात ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. किल्ला, बंडखोराचे गाव आणि नेमबाजीचे मैदान यांना जोडणारा एक धागा आहे. तो बंदुकीच्या अचूकतेचा.

२/
शस्त्रांच्या इतिहासावर तरुण अभ्यासक भरभरून लिहितात; पण त्या लेखनात तोफेची लांबी, गोळ्याचे वजन आणि तलवारीचे पाते यांनाच मान असतो. गोळी जिथे लागायला हवी तिथे का लागते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर मोजमापात आहे. दारू किती, गोळी केवढी, आणि दर वेळी तेवढीच का? हा हिशेब कोणाच्या हाती होता आणि तो हातातून कसा गेला, हा शस्त्रांच्या इतिहासातील सर्वांत उपेक्षित आणि कदाचित सर्वांत बोलका भाग आहे.

३/
प्रथम हा हिशेब म्हणजे काय ते पाहू. आधुनिक काडतुसात चार वस्तू असतात : पितळेचे टरफल, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. कारखान्यात भरलेले काडतूस हजारो वेगवेगळ्या रायफलींना चालावे अशा बेताने केलेले असते. एखाद्या विशिष्ट नळीला नेमके काय मानवते, याच्याशी कारखान्याला कर्तव्य नसते. म्हणून काही देशांतील नेमबाज वापरलेले टरफल पुन्हा घेतात आणि काडतूस स्वतः भरतात.

४/
या कलेला अमेरिकेत बहर आला तो शेतातील उपद्रवी प्राण्यांमुळे. कुरणात बिळे करणारा वुडचक आणि माळावरचा प्रेअरी डॉग ही लक्ष्ये लहान, सावध आणि दूर. त्यांच्यासाठी मोठी बंदूक निरुपयोगी. हवी हलकी, वेगवान, बारीक गोळी. १९३० चे .२२ हॉर्नेट, १९३५ चे .२२० स्विफ्ट आणि १९५० चे .२२२ रेमिंग्टन ही काडतुसे याच गरजेभोवती लोकप्रिय झाली. दीड-दोनशे यार्डांवर मुठीएवढे लक्ष्य साधायचे, तर दारूतील किंचित फरकही जाणवू लागतो.

५/
तेथील मोजमापाचे एकक आहे ‘ग्रेन’, म्हणजे धान्याचा दाणा. मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत गुंज होती. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. ब्रिटिश अमलात तोळा १८० ग्रेनांचा ठरवला गेला. म्हणजे एक गुंज सुमारे १.९ ग्रेन. .२२२ रेमिंग्टनची ५० ग्रेनांची गोळी जेमतेम २७ गुंजांची होते. आणि हाताने काडतूस भरणारा नेमबाज दारू मोजतो ती ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे गुंजेच्या साधारण एकोणिसाव्या भागापर्यंत!

६/
त्याची रीत पाहण्यासारखी आहे. छापील तक्त्यातील किमान प्रमाणापासून तो आरंभ करतो. एकाच कारखान्याची, एकाच लांबीची टरफले घेतो. दारू अगदी थोड्या पायऱ्यांनी वाढवत नेतो, प्रत्येक पायरीला पाच गोळ्या झाडतो, आणि कागदावरील भोके किती जवळ पडली ते मोजतो. दाब वाढल्याची खूण टरफलावर दिसली की तिथेच थांबतो. मग दारू तीच ठेवून गोळी टरफलात किती खोल बसवावी ते तपासतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक निकाल वहीत लिहायचा, हा या कलेचा पहिला नियम.

७/
या प्रयोगातून बहुधा एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो : सर्वांत जोरदार भरणा क्वचितच सर्वांत अचूक असतो. बार उडताना नळी सूक्ष्म प्रमाणात थरथरते. प्रत्येक गोळी त्या थरथरीच्या एकाच टप्प्यावर बाहेर पडली, तर भोके एकमेकांना चिकटून पडतात. त्यासाठी दर वेळी वेग सारखा हवा, मग तो थोडा कमी असला तरी चालेल. आपल्या शस्त्रप्रेमी लेखनात ‘अधिक मोठे, अधिक भेदक’ हा जो सूर सतत लागतो, त्याला हे परस्पर मिळालेले उत्तर आहे.

८/
आता कोकणात परत येऊ. तोडेदार आणि पुढे चापाच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बंदूकधारी स्वतःच भरणा करणारा होता. शोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू बारूददानातून मापाने ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची. माप चुकले की नेम चुकला. फार चुकले की नळी फाटली. दोन शिपायांच्या ठासण्यातला फरक त्यांच्या नेमात उतरत असे. हे ज्ञान ग्रंथांत फारसे आले नाही. ते हातात राहिले.

९/
तरीही राज्यकारभाराला त्याची जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी दारूखान्याविषयी स्वतंत्र सूचना आहेत : तो वस्तीपासून दूर असावा, तिथे पहारा असावा, आणि साठा ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे. यातील शेवटची सूचना कोकणचा पाऊस पाहिलेल्या माणसाला लगेच पटेल. अशुद्ध शोऱ्यातील क्षार ओल ओढून घेतात, आणि दमट दारू आज एक जोर देते तर उद्या दुसरा. कर्नाळ्यासारख्या गडावर चार महिने ढगात राहणाऱ्या दारूला ऊन दाखवणे, हेही अचूकतेचेच काम होते.

१०/
या हस्तकौशल्याला पहिला छेद दिला तो कागदी काडतुसाने. मोजलेली दारू आणि गोळी एका पुडीत बांधली की शिपायाला मोजण्याची गरज उरत नाही; दोन शिपायांमधला फरक नाहीसा होतो. १८५७ मध्ये ज्याच्या चरबीवरून वणवा पेटला त्या एनफिल्डच्या काडतुसात अडीच ड्रॅम दारू आधीच मोजून भरलेली असे. त्या काडतुसाचा धार्मिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. त्याचा तांत्रिक अर्थही तितकाच मोठा : माप शिपायाच्या हातून निघून कारखान्यात गेले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, तो याच वाटेवरचा टप्पा.

११/
मात्र हे स्थलांतर सर्वांसाठी सारखे नव्हते. १८६० च्या दशकात मध्य भारतात नोकरीस असलेल्या जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर पुस्तक लिहिले. गोल गोळीला भरपूर दारू द्यायची असेल, तर नळीतील आट्यांचा पीळ मंद हवा. पीळ आणि भरणा एकमेकांना जुळले पाहिजेत, हे त्याचे म्हणणे. त्याने ते सातपुड्याच्या जंगलांत शिकार करता करता पारखले. म्हणजे काडतूस हाताने ‘जुळवण्याची’ विद्या या भूमीवर बहरत होती. फक्त तिची वही साहेबाच्या टेबलावर होती.

१२/
मग १८७८ उजाडले. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे आले : देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा आणि शस्त्रांवरचा. शस्त्र कायद्याने भारतीयाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. काँग्रेसने पुढे या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. त्यांतील मुख्य आक्षेप अपमानाचा आणि वंशभेदाचा होता, आणि तो रास्तच होता.

१३/
पुढच्याच वर्षी शिरढोणच्या फडक्यांनी बंड उभारले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असे चरित्रकार सांगतात. तो किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होता. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर छापा पडला, जुलैत फडके पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ज्या माणसाने सरकारी सैन्याचे जमाखर्च लिहिले, त्याला स्वतःच्या माणसांसाठी बंदुका आणि दारू जमवणे किती अवघड झाले असेल, याचा विचार १८७८ च्या कायद्याशेजारी ठेवूनच करायला हवा.

१४/
या कायद्याचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. त्याने बंदुकीबरोबर सरावही हिरावला. नेम ही पुस्तकातून येणारी विद्या नव्हे. शे-दोनशे बार झाडावे, चुकलेला प्रत्येक बार आठवावा, माप बदलून पाहावे, तेव्हा ती हाती लागते. परवान्याच्या कागदावर मोजून मिळणाऱ्या दारूत हे घडत नाही. दोन-तीन पिढ्यांत गावोगावचे भरणा करणारे हात संपले, आणि ‘आपल्याकडे नेमबाजीची परंपराच नव्हती’ असे म्हणायला लोक मोकळे झाले.

१५/
याचा उलटा पुरावा शेजारच्या कर्नाटकात आहे. कोडगूतील कोडवांना एकोणिसाव्या शतकापासून परवान्यातून सूट मिळाली आणि ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. तिथे कैलपोळ्ध सणाला शस्त्रांची पूजा होते आणि उंच बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा लागतात. म्हातारे, तरुण, स्त्रिया सारे त्यांत उतरतात. जिथे बंदूक घरात राहिली, तिथे नेम सणाचा भाग झाला. जिथे ती गेली, तिथे नेम केवळ पोवाड्यातला शब्द उरला.

१६/
तरी कोकणात एक धागा तुटला नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आजही शेतीसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आढळते. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताचा वाफा लोळवून टाकतो. माकडे आंब्या-काजूची नासधूस करतात. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर बोळा, मग शिसे, आणि मागे केप. अमेरिकेतील वुडचकची शिकार आणि कोकणातील डुकराची राखण यांची गरज एकच आहे. फरक साधनाचा आणि वहीचा.

१७/
कारण ठासणीच्या बंदुकीला आटे नसतात. दारू अंदाजाने, बोळा हाताला येईल तसा, ठासणे मनगटाच्या जोरावर. दर बार निराळा. अशा बंदुकीने नेम साधणारा म्हातारा गावात असतो, पण त्याचे गणित त्याच्या बोटांतच असते. त्यातून दोन अनर्थ होतात. जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरते. आणि कधी भरणारा स्वतःच भाजतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानडुकरावर बार टाकणेही सरकारी परवानगीशिवाय गुन्हा आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती सर्वांत बेभरवशाचे हत्यार, आणि चूक झाल्यास सर्वांत मोठी जबाबदारी.

१८/
आता पनवेलच्या मैदानावर या. ५० मीटरच्या रायफल स्पर्धेत .२२ चे रिमफायर काडतूस वापरतात. त्यात ठिणगीचे मिश्रण टरफलाच्या काठातच भरलेले असते, म्हणून ते एकदाच वापरता येते. हाताने पुन्हा भरणे शक्य नाही. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, गोळी ५.६ मिलिमीटरची. मग अचूकता जुळवायची कशी? नेमबाज एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या खेपा घेतात. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक खेपेच्या गोळ्या झाडतात, भोकांचा पुंजका मोजतात, आणि आपल्या नळीला मानवणारी खेप निवडतात.

१९/
म्हणजे दारू मोजणे हातून गेले, तरी पारखणे उरले. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नाही. तिथे छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, यावर चर्चा होते, कारण लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. चाळीस बार, एकही चूक नाही! त्यामागे सरावाबरोबरच, दर वेळी तेच आणि तेवढेच घडावे यासाठी केलेला हा हिशेबही असतो.

२०/
कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य घेतले. या विजयांचे वर्णन करताना ‘मावळ्यांचा वारसा’ असे शब्द सहज वापरले जातात. भावना चांगली आहे, पण इतिहास तसा सरळ नाही. मधे १८७८ ची खोल दरी आहे. हे खेळाडू त्या दरीच्या अलीकडे, आयात केलेल्या रायफली आणि परदेशी काडतुसे घेऊन, जवळजवळ शून्यातून उभे राहिले. वारसा म्हणून सगळे श्रेय पूर्वजांना दिले, तर त्यांच्या कष्टांवर अन्याय होतो.

२१/
यावरून कोणी ‘म्हणून घरोघरी बंदूक द्या’ असा निष्कर्ष काढू नये. १८७८ चा कायदा वाईट होता, कारण तो वंश पाहून माणसांत भेद करत होता. आजचा कायदा लोकांनी निवडलेल्या संसदेचा आहे. विनापरवाना दारू बाळगणे किंवा काडतूस बनवणे त्यात गुन्हा आहे, आणि दाट वस्तीच्या देशात ते योग्यच आहे. घरच्या प्रयोगांत गेलेल्या बोटांनी इतिहास समृद्ध होत नाही. मागणी निराळी आहे : हत्यार नियमांत राहू द्या, पण त्याचे ज्ञान विस्मृतीत जाऊ देऊ नका. आणि शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना देणाऱ्या व्यवस्थेने त्याला मापाचे शिक्षणही द्यावे.

२२/
कारण हे ज्ञान आता अखेरच्या पिढीत आहे. संग्रहालयांत बारूददाने काचेआड आहेत. पण त्यांच्या झाकणात किती दारू मावते, हे पाटीवर सहसा लिहिलेले नसते. तलवारीची लांबी मात्र असते. ठासणीची बंदूक वापरलेले म्हातारे आज सत्तरी-ऐंशीचे आहेत. पावसाळ्यात दारू कशी कोरडी ठेवत, कोणत्या झाडाचा कोळसा चांगला मानत, ‘बार बसला’ हे आवाजावरून कसे ओळखत, हे त्यांनाच ठाऊक. हे शब्द आणि या सवयी टिपायला परवाना लागत नाही, वही लागते.

२३/
आणि टिपणे घेतानाही त्या नेमबाजाची शिस्त उपयोगी पडेल. एकच बार नेमका लागला म्हणून भरणा चांगला ठरत नाही. पाच लागावे लागतात, आणि शक्य तर पुन्हा पाच. एका म्हाताऱ्याने सांगितले म्हणून ती कोकणाची रीत ठरत नाही. दुसऱ्या गावच्या दुसऱ्याला विचारावे लागते. आवडत्या कथेला पूरक तेवढीच भोके मोजणे, ही नेमबाजाची आणि इतिहासकाराची सारखीच लबाडी.

२४/
कर्नाळ्याच्या परिसरात १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे आता बार ऐकू येत नाही, आणि येऊही नये. पनवेलच्या मैदानावर मात्र रोज सकाळी कोणीतरी शाळकरी मुलगी रायफल खांद्याला लावते, श्वास रोखते, चाप ओढते आणि मग वहीत आकडा लिहिते. शिरढोणच्या त्या कारकुनानंतर दीडशे वर्षांनी हिशेबाची वही आणि बंदूक पुन्हा एकाच हातात आली आहे. इतिहासप्रेमींनी त्या वहीकडेही बघावे.